डिस्कची जाडी कोण मोजणार?

एमएच-39, म्हणजे नंदुरबारच्या नोंदणीची खासगी मोटार घेऊन रस्त्यावर उतरायचे तर विमा कायम चालू ठेवावा लागतो, आणि धुराचा दाखला गाडी जुनी असेल तर दर सहा महिन्यांनी, नव्या मानकांची असेल तर वर्षातून एकदा काढावा लागतो. त्याच गाडीचे ब्रेक कामाचे आहेत का, हे मात्र पहिल्या पंधरा वर्षांत कायदा एकदाही विचारत नाही. नोंदणीचे नूतनीकरण करायची वेळ येते तेव्हा गाडी पहिल्यांदा तपासणीला उभी राहते. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र लागते. तेही वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. सपाटीच्या जिल्ह्यात एवढ्यावर भागत असेल. नंदुरबारच्या सहापैकी चार तालुक्यांत, म्हणजे शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावात, रस्ता सातपुड्याला भिडतो. तोरणमाळचा घाट, चांदसैली, देवगोई ही इथल्या माणसांच्या रोजच्या ये-जा करण्याची ठिकाणे आहेत. शाळा, दवाखाना, बाजार आणि मजुरी या सगळ्यासाठी तो उतार उतरावाच लागतो. अशा जिल्ह्यात ब्रेकच्या डिस्कची जाडी आणि ब्रेक ऑइलचे वय या दोन गोष्टी आकड्यात मोजल्या आणि कागदावर लिहिल्या गेल्या पाहिजेत. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवणारे हे करतातच. घाटात उतरणाऱ्या गाडीला त्याची गरज त्यांच्याइतकीच आहे, आणि काही बाबतीत त्यांच्याहून जास्त.

ट्रॅकवाले ब्रेकची एवढी काळजी का घेतात, ते आधी पाहू. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. दीड टनाची मोटार ताशी 100 किलोमीटर वेगाने धावत असताना थांबवली, तर साधारण पावणेसहा लाख ज्यूल एवढी ऊर्जा चाकांमागच्या लोखंडात उतरते. ट्रॅकवर हे दर मिनिटाला कित्येकदा घडते. त्यामुळे डिस्क पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि अंधारात लालसर दिसतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. त्या गाड्यांच्या कार्बनच्या डिस्क तर हजार अंशांपर्यंत जातात. आपली साधी मोटार घेऊन हौसेने ट्रॅकवर जाणाऱ्याच्या गाडीत मात्र ओतीव लोखंडाचीच डिस्क असते, तुमच्या-आमच्या गाडीत असते तीच. म्हणून तो जाण्याआधी ब्रेक ऑइल बदलतो, मायक्रोमीटरने डिस्कची जाडी घेतो, पॅड किती उरले ते बघतो. चार-सहा फेऱ्या जोरात मारल्या की एक फेरी ब्रेकला पाय न लावता सावकाश मारतो, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवते. डिस्क ब्रेकचा बोलबाला झाला तोच मुळी ट्रॅकवर: 1953 मध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली आणि त्यानंतर हे तंत्र रस्त्यावरच्या मोटारींत पसरत गेले. ते लोखंड आपल्या घरापर्यंत आले, त्याच्या देखभालीची शिस्त मात्र मागेच राहिली.

आता घाटाचा हिशेब. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंचीवर आहे आणि शहाद्याकडचा मुलूख त्याच्या कितीतरी खाली. हिशेबापुरती उतरण आठशे मीटर धरू. दीड टनाची मोटार आठशे मीटर खाली आणायची तर जवळजवळ एक कोटी अठरा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 100 किलोमीटर वेगातली तीच गाडी एकामागोमाग वीस वेळा थांबवण्याइतकी ही ऊर्जा झाली. माणसे आणि माल भरून तीन टनांवर गेलेल्या पिकअपला याच्या दुप्पट. ती पिकअप अर्ध्या तासात खाली उतरली असे धरले, तर सरासरी तेरा किलोवॉट उष्णता बाहेर पडते: दोन किलोवॉटचे सहा-सात गिझर अर्धा तास सलग चालू ठेवावेत एवढी. यातला काही भाग टायरांचे घर्षण आणि वारा खातो आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच मोठा वाटा इंजिन उचलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असेल तर इंजिनचा वाटा शून्य होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ट्रॅकवरची गाडी दीडशेच्या वेगाने जाते, घाटात आम्ही वीस-तीसच्या पुढे जात नाही, मग तुलना कशाला? तुलना करायची ती याच कारणासाठी. पुढच्या दोन्ही डिस्कचे मिळून बारा किलो लोखंड धरले, तर ते पाचशे अंशांनी तापले तरी त्यात तीस लाख ज्यूलच मावतात. बाकीची उष्णता वाटेतच हवेत जायला हवी, आणि ती नेणारा वारा गाडीच्या वेगातून मिळतो. ट्रॅकवर प्रत्येक वळणानंतर सरळ पट्टा येतो, तिथे ब्रेकवर पाय नसतो आणि डिस्कला भरपूर वारा लागतो. घाटात वीसच्या वेगाने, सतत ब्रेक दाबून, एका वळणातून दुसऱ्या वळणात उतरणाऱ्या गाडीच्या डिस्कला निवायला फुरसतच मिळत नाही. त्यात मे महिन्यात हवाच चाळीस अंशांच्या वर असते. वेग कमी म्हणून ब्रेक सुरक्षित, ही समजूत सपाट रस्त्यावर खरी आणि लांब उतारावर घातक आहे.

उष्णता अंगावर आली की आधी हार मानते ते बहुधा ऑइल. डॉट 3 प्रतीचे नवे ब्रेक ऑइल 205 अंशांना उकळते, डॉट 4 प्रतीचे 230 अंशांना. निदान तेवढे तरी असावेच असे मानक सांगते. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते, रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातूनही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की डॉट 3 चा उत्कलनबिंदू 140 अंशांवर आणि डॉट 4 चा 155 अंशांवर येऊ शकतो. सातपुड्यातले दोन-तीन पावसाळे पाहिलेले ऑइल आणि कालच भरलेले ऑइल यांत हे अंतर पडते. कॅलिपरमध्ये ऑइल उकळले की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल एकदम खाली तळाशी जाते आणि चाकाला काहीच लागत नाही. गाडी बाजूला उभी राहून तासाभराने निवली की वाफेचे पुन्हा ऑइल होते, पेडल कडक लागते, आणि बघणारा म्हणतो की ब्रेक तर ठीक आहेत. पॅडचे वेगळेच असते. ते ठरावीक उष्णतेच्या पुढे गेले की त्यातले राळेसारखे द्रव्य जळते आणि पकड सुटते. पेडल कडक लागते पण गाडी आवरत नाही. मागच्या चाकांना बहुतेक गाड्यांत ड्रम असतात. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, मग तिथेही पेडल जास्त दाबावे लागते.

डिस्कची झीज या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. चाक काढून डिस्ककडे नीट पाहिले तर तिच्या बाहेरच्या कडेला गंजकट उंचवटा दिसतो. आतून बाहेर बोट फिरवले की नख तिथे अडते. जिथे पॅड घासत नाही तिथली मूळ जाडी ती, आणि आतला खोलगट पट्टा म्हणजे झिजून गेलेले लोखंड. काही डिस्कवर निळसर डाग दिसतात, तिथे धातू अतोनात तापून गेलेला असतो. केसाएवढ्या बारीक चिराही असतात. त्या कडेपर्यंत पोहोचल्या की डिस्क फेकायचीच. कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा कंपनीने बहुतेक डिस्कवर कोरलेलाच असतो. 22 मिलिमीटरच्या नव्या डिस्कला 20 ही मर्यादा असेल, तर मालकाला वाटते की दोन मिलिमीटरने काय बिघडते? पण पुढच्या चाकाची ही डिस्क मधून पोकळ असते, दोन पत्र्यांच्या मधे वारा खेळायला जागा सोडलेली असते. आठ मिलिमीटर पोकळी वजा केली तर घासणारे लोखंड चौदाच मिलिमीटर उरते. त्यातले दोन गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला. तेवढे लोखंड कमी झाले की तीच उष्णता डिस्कला जास्त तापवते आणि ती तापलेली डिस्क पॅडला आणि ऑइलला आणखी भाजते. मधली पोकळी चिखलाने आणि मातीने बुजलेली असेल, तर वाऱ्याची वाटही बंद होते.

गॅरेजमधल्या दोन सवयी इथे मुद्दाम सांगायला हव्यात, कारण त्या चांगल्या हेतूने केल्या जातात. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले की डिस्क वाकली असे म्हणून ती लेथवर घासून आणतात. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसतेच, तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर ठिकठिकाणी चिकटून जाडी असमान झालेली असते. लेथने थरथर जाते हे खरे, पण लोखंडही जाते. घासल्यानंतर जाडी मोजलीच नाही, तर मर्यादेखाली गेलेली डिस्क चकचकीत होऊन परत गाडीला बसते, आणि दिसायला ती नव्यासारखी असल्याने मालक आणखी निर्धास्त होतो. दुसरी सवय पायथ्याशी गाडी थांबवून धुरकटलेल्या चाकांवर पाणी मारण्याची. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले की ते एकदम आकसते आणि त्याला चिरा जातात. त्यापेक्षा ट्रॅकवाल्यांसारखे करावे: पायथ्यापासून किलोमीटर-दोन किलोमीटर ब्रेकला फारसा हात न लावता सावकाश चालत राहावे, मग थांबावे.

या विषयावर लिहिताना अपघातांची नावे घेणे भाग आहे, पण जपून. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि त्यात माणसे दगावली. पुढच्याच महिन्यात देवगोई घाटात विद्यार्थ्यांची बस दरीत गेली. जानेवारी 2021 मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांना घेऊन जाणारे वाहन कोसळले होते. हे सगळे ब्रेकमुळेच झाले असे मी म्हणत नाही. एकेका अपघातामागे चार-चार कारणे असतात. माझे म्हणणे इतकेच आहे की त्या गाड्यांच्या डिस्कची जाडी आणि ऑइलची अवस्था लोकांपुढे यावी अशी कोणतीही पद्धत आपल्याकडे नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात 4 जुलै 2023 रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरजवळ भरधाव कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला, दहाहून अधिक माणसे मेली. कारण म्हणून ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. ते ऑइल उकळल्याने, पॅड जळाल्याने की हवेच्या ब्रेकमधला दाब गेल्याने, हे सर्वसामान्यांना कधी कळले नाही. उलट पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली, तेव्हा आधी ब्रेक गेल्याचीच चर्चा होती. प्राथमिक तपासणीनंतर पुढे आले ते वेगळेच: ब्रेक निकामी झालेले नव्हते, चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. तपासले म्हणून कळले. नाहीतर तोही अपघात ब्रेकच्याच खात्यावर जमा झाला असता आणि इंधन वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय तशीच चालू राहिली असती.

न्यूट्रलने इंधन वाचते ही समजूत अजून जिवंत आहे, म्हणून तिच्याबद्दल दोन वाक्ये. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनला जाणारे इंधनच तोडले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागत राहते. आणि ते बंद केले तर पेडलला मदत करणारा बूस्टर एक-दोनदा दाबल्यावर निकामी होतो, पॉवर स्टिअरिंगही जड होते. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे जुन्या चालकांचे सांगणे पूर्वीइतकेच खरे आहे. एबीएस असलेल्या गाडीलाही ते लागू आहे, कारण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, डिस्क गार करत नाही. विजेच्या गाडीवाल्यांनीही एक लक्षात ठेवावे: डोंगरावर बॅटरी पूर्ण भरून निघाले, तर उतारावर मोटरला वीज साठवायला जागा नसते आणि तिचा ब्रेक नीट मिळत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. घाटातले रस्ते खराब, कठडे जागोजाग तुटलेले, एसटीच्या फेऱ्या अपुऱ्या. पिकअपमध्ये माणसे दाटीवाटीने बसतात ती हौसेने नाही. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाला, होळीसाठी किंवा भोंगऱ्याच्या बाजाराला गावी परतणाऱ्या मजुराला दुसरे वाहन मिळत नाही म्हणून तो टपावरही बसतो. अशा वेळी गाडीमालकाला डिस्कची जाडी विचारणे म्हणजे सरकारचे पाप त्याच्या माथी मारणे होय, असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. कठडे आणि बस ही शासनाचीच जबाबदारी आहे, आणि ब्रेकची चर्चा तिच्यावरून लक्ष उडवायला वापरली गेली तर मी त्या वापराच्या विरोधात उभा राहीन. पण कठडा बांधायला वर्षे जातात आणि गाडी आज संध्याकाळी उतरणार आहे. शिवाय रस्ता खराब आणि भार जास्त, या दोन्ही गोष्टी ब्रेकवरचा ताण वाढवणाऱ्याच आहेत. ज्या जिल्ह्यात वाहने नाइलाजाने जास्त भरली जातात, तिथे ब्रेकला चूक माफ करण्याची सवड कमी असते, म्हणून तपासणी इथे आधी हवी. खर्चाचे म्हणाल, तर डॉट 4 ऑइलच्या बाटलीला आणि ते बदलून हवा काढायच्या मजुरीला काही शे रुपये लागतात, तेही दोन वर्षांतून एकदा. डिस्कची जोडी महाग आहे हे मान्य. पण मोजणे जवळजवळ फुकट आहे, आणि मोजल्यावर बहुतेकांना कळेल की डिस्कला अजून अवकाश आहे.

तपासणी वाढली की चिरीमिरी वाढेल, हाही आक्षेप खोटा नाही. योग्यता चाचणीसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी 250 मीटरचा ब्रेक चाचणी मार्ग करावा, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, यातूनच कारभाराची अवस्था कळते. पण त्या मार्गावर, किंवा नव्या स्वयंचलित केंद्रातल्या रोलरवर, गाडीचे ब्रेक थंडच तपासले जातात. झिजलेली डिस्क आणि पाणी मुरलेले ऑइल थंड असताना व्यवस्थित पास होतात. त्यांची परीक्षा घाटात वीस मिनिटे उतरल्यावर होते. जाडीचा आकडा मात्र ब्रेक थंड असतानाही खोटे बोलत नाही, आणि तो अधिकाऱ्याच्या मतावर अवलंबून नसतो. डिस्कवर 20 कोरले आहे आणि मापात 19.4 आले, तर त्यात घासाघीस करायला जागा उरत नाही. मालक स्वतः, शेजारचा मेकॅनिक, कुणीही ते पुन्हा मोजू शकतो.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची आहे. गॅरेजने सर्व्हिसिंगच्या बिलावर चारही चाकांची मापे, ड्रम असेल तर शूचीही, आणि ऑइल बदलल्याची तारीख लिहावी. ग्राहकाने ती मागावी. घाटातल्या प्रत्येक गंभीर अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात डिस्क, पॅड आणि ऑइल यांची मोजलेली अवस्था नोंदवावी आणि गाडी कोणत्या गिअरमध्ये सापडली तेही लिहावे, म्हणजे दोन-चार वर्षांत देवगोई किंवा चांदसैलीबद्दल अंदाजाऐवजी माहितीवर बोलता येईल. आणि वर्दळीच्या दिवसांआधी घाटांच्या पायथ्याशी, तळोदा, अक्कलकुवा आणि शहाद्याच्या बाजूला, दंड न करता फुकट तपासणीची शिबिरे लावावीत. ऑइलमधली ओल दाखवणारे पेनासारखे यंत्र स्वस्तात मिळते, व्हर्निअर आयटीआयमधल्या मोटर मेकॅनिकच्या मुलांच्या हातात रोज असते, आणि या मुलांना एका दिवसात शंभर वेगवेगळ्या गाड्यांच्या डिस्क पाहायला मिळणे हेही त्यांचे शिक्षणच आहे. कडेला उंचवटा असल्याने साधा व्हर्निअर चुकीची जाडी दाखवतो, मधल्या पट्ट्यावर टेकवायला टोकदार जबड्याचा लागतो, एवढे शिक्षकांनी आधी सांगून ठेवावे. अस्तंब्याची यात्रा धनत्रयोदशीला भरते. त्याआधी पंधरा दिवस पहिले शिबिर तळोद्यात लागले, तर मर्यादेखाली गेलेली डिस्क बदलून घ्यायला मालकाला वेळ मिळतो.